ओटी भरली

बुधवारा, बुऱ्हाणपूर
१२ जानेवारी १९५७

चि. सौ. लीलास,

रजनीचे अनेक आशीर्वाद. एका वर्षाने मोठी असल्याचा हक्क मी मरेपर्यंत सोडणार नाही, तेव्हा आशीर्वाद मुकाट्याने घे.

आता कामाचं. नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आमच्या शाळेची मराठी पुस्तकं नागपुराहून यायची. आता नागपूर म्हणतं, भोपाळला मागा. भोपाळ म्हणतं, मराठीची सोय व्हायची आहे. इकडे माझ्या चौथी-पाचवीत मिळून बेचाळीस मुली आणि वाचनाची पुस्तकं नऊ. त्यातल्या एकाची मधली पानं आमच्या शाळेच्या सोजरबाईने चहाची चूल पेटवायला घेतली. मोठ्या बाई म्हणतात, तोवर हिंदी वाचू द्या, चालतंय. त्यांना चालत असेल, मला चालत नाही.

मागच्या आठवड्यात अगदीच काही उरलं नाही म्हणून तुझं दिवाळीचं पत्र वर्गात वाचलं. समुद्राच्या आवाजामुळे तुमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात आणि पाहुण्यांना भांडण चाललंय असं वाटतं, ते. बेचाळीस मुली गप्प! फोपनारच्या केळीवाल्यांची मनकर्णा, जी कधी गप्प बसत नाही, तीसुद्धा. शेवटी म्हणाली, "बाई, समुंदर म्हंजे आपल्या तापीले पूर येतो, तेवढा राहतो का?" मी हो म्हटलं. मी तरी कुठे पाहिलाय?

तर माझं ठरलं आहे. तू दर पंधरा दिवसांनी एक पाठ लिहून धाड. घर कसं, दिवस कसा जातो, काय शिजतं, काय वाळतं, सगळं. मी चांगल्या अक्षरात उतरवून शिवीन आणि पुस्तक करीन. नावसुद्धा ठरलंय, 'समुद्राकाठचं घर'. एकच अट, तिकडचे शब्द नकोत. तुझी ती पडवी अन् खळं अन् काय काय. खळं म्हटलं की इथे मुलींना ज्वारीची मळणी दिसते. आमच्याकडे समजेल असंच लिही.

नाही म्हणायचं नाही. दत्तात्रयरावांना नमस्कार.

तुझी,
रजनी

*

खारवडी, जि. रत्नागिरी
३ फेब्रुवारी १९५७

ती. रजूताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून हे म्हणाले, "मी इथे सोळा वर्षं मास्तरकी करतोय, माझ्याकडे कुणी पाठ मागितला नाही." पण दौत त्यांनीच भरून दिली.

पहिला पाठ सोबत आहे. तुझ्या अटीप्रमाणे ओसरी लिहिलं आहे, अंगण लिहिलं आहे. थोडा नमुना इथेच वाच: "आमच्या घराला कुलूप फार टिकत नाही. खाऱ्या हवेने ते गंजतं आणि मग चोरालाच काय, आम्हालाही उघडत नाही. मीठ ओलं होतं, काड्यापेटी ओली होते, पापड चार दिवसांत मऊ पडतो. म्हणून आमच्याकडे चुलीच्या वर एक फळी असते. ज्याला कोरडं राहायचं असेल ते सगळं त्या फळीवर. मांजरसुद्धा तिथेच झोपतं."

तुझ्या मुलींना हे आवडेल की नाही देव जाणे.

आता तुझ्यासाठी, पुस्तकासाठी नव्हे. सासऱ्यांनी हे घर बांधलं तेव्हा अंगणापासून वाळू चाळीस पावलांवर होती. या संक्रांतीला मी मोजली, सतरा. मुंबईचे भावोजी दिवाळीत आले होते. त्यांचं म्हणणं, घर विकू, लाकूड आणि चिरे घेणारा माणूस तयार आहे, आईला घेऊन सगळे मुंबईला चला. दोघा भावांचं पुष्कळ बोलणं झालं. शेवटी असं ठरलं की येत्या पावसाळ्यात घर शाबूत राहिलं तर भावोजी पुन्हा विषय काढणार नाहीत. समुद्र आत आला तर दिवाळीच्या आत विकायचं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या कधीच बोलत नाहीत.

मी हलणार नाही, ताई. तुला राग येईल, पण लिहिते. आई गेल्यावर मावशीने मला तुझ्याइतकीच माया केली. तरी बुधवाऱ्यातल्या त्या घरात मी आलेली होते. इथे पहिल्यांदा दार माझं झालं. ते गंजतं, फुगतं, पावसात लागत नाही, पण माझं आहे.

तुझी,
लीला

*

बुधवारा, बुऱ्हाणपूर
६ एप्रिल १९५७

चि. सौ. लीलास,

अनेक आशीर्वाद. राग आला होता, दोन दिवस होता, आता गेला. तू आलेली होतीस हे खरंच. पण माझी निम्मी गादी घेऊन आली होतीस हेही लक्षात ठेव.

तुझे पाच पाठ झाले. पुस्तकाला ह्यांनी स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून जाड पुठ्ठा आणला, वर इथल्या मागाचं निळं कापड लावलं. मुली ओळीने घरी नेतात आणि घरी ते पुस्तक आया वाचतात, आज्या ऐकतात. सोजरबाईला वाचता येत नाही, पण तुझी चुलीवरची फळी तिला पाठ आहे. परवा मला म्हणते, "अवं बाई, मीठ वलं होते तं त्या बाया भाजीत मीठ वतत असतीन का?"

तुझ्या हातून चुकून आलेले शब्द मी बदलले, सांगून ठेवते. माड खोडून नारळाचं झाड केलं. उधाण खोडून मोठी भरती केलं. झापं कळेना, तिथे छपराची पानं केलं. एका ठिकाणी तू ओसरीसाठी दुसरंच काहीतरी लिहून खोडलं होतंस, ते शाई सांडल्यासारखं दिसत होतं. स्वच्छ लिहीत जा.

पावसाळ्याचं मात्र मला रोज मनात येतं. सतरा पावलं किती, ते मी आपल्या दारापासून मोजून पाहिलं. कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. घर टिकेल. टिकायलाच हवं, माझं पुस्तक अर्धं आहे.

तुझी,
रजनी

*

खारवडी
९ जून १९५७

ती. रजूताईस,

सा. न. वि. वि. हा आठवा पाठ, 'पावसाळ्याची तयारी'. यात झापं लिहिलं आहे आणि ते तू खोडणार हे मला ठाऊक आहे. छपराची पानं म्हणजे काय गं? झाप पान असतं का? माडाची झावळ भिजवून, विणून तयार करतात त्याला झाप म्हणतात. विणायला दोन बोटं सोलवटून घ्यावी लागतात. तू खोडलंस की माझी बोटंच खोडल्यासारखी वाटतात. असो. पुस्तक तुझं आहे.

आम्ही दोघांनी आणि शेजारच्या गड्यांनी अंगणाच्या कडेला चिऱ्यांचा बांध घातला आहे, कमरेइतका. हे शाळेतून आले की रोज दहा चिरे रचायचे, मी चिखल कालवून द्यायची. सासूबाई खांबाला टेकून बघत बसायच्या. एक दिवस उठल्या आणि चिखलात हात घातला.

सतराची आता पंधरा झाली आहेत. भावोजींना मी कळवलेलं नाही. तूही ह्यांना पत्रात काही विचारू नकोस.

तुझी,
लीला

*

(पोस्टकार्ड)
खारवडी
२९ जुलै १९५७

ती. रजूताईस,

सा. न. परवा दिव्यांच्या अमावास्येला आमची ओटी भरली. आज ना उद्या व्हायचंच होतं, ते झालं. माणसं सुखरूप आहेत. सासूबाईंच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही. भावोजींना तार केली आहे, ते येतील. मला फार वेळ उभं राहवत नाही, हातही कापतो, म्हणून एवढंच. पाठ आता काही महिने जमणार नाहीत.

लीला

*

बुधवारा, बुऱ्हाणपूर
६ ऑगस्ट १९५७

चि. सौ. लीले, लबाडे,

अखंड सौभाग्यवती भव, पुत्रवती भव, आणि यापुढे माझ्यापासून काही लपवलंस तर तुझे कान उपटले जाओत!

ओटी भरली म्हणजे सातवा तरी असणार. जूनमध्ये चिखल कालवत होतीस ती अशा दिवसांत? आणि मला झापांवरून टोमणे मारत होतीस! तरी म्हटलं, बाईला एकाएकी एवढा राग का येतो. नऊ वर्षं, लीले. नऊ वर्षं मी तापीवर गेले की तुझ्या नावाने दिवा सोडते, तुला कधी सांगितलं नाही.

अमावास्येला ओटी कशी भरली म्हणून ह्यांनी शंका काढली. त्यांना पार्सलातही शंका काढायची सवय आहे. सोजरबाईने गप्प केलं. "त्याहीच्यात रीत वेगळी असंन जी. दिव्यांची अवस चांगली राहते." मग ती तुझं कार्ड घेऊन अख्ख्या बुधवाऱ्यात फिरली. "माय वं, आपल्या लीलीची ओटी भरली! समुंदराकाठी गेली, कोणी रिकाम्या हातानं येत नाही तिथून."

वर्गात सांगितलं तर मुली ओटीला काहीतरी द्यायचंच म्हणून हटून बसल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने घरून एकेक ओंजळ गहू आणला. बेचाळीस ओंजळी. मनकर्णा दोन आणते म्हणत होती, मी एकच घेतली. ते गहू, हिरवं लुगडं, खण, बांगड्या आणि एक नारळ असं बोचकं ह्यांनी स्वतः शिवून पार्सलाने लावलं आहे. कोकणात नारळ पाठवतेय म्हणून ह्यांना हसू आवरेना. हसू देत. माहेरचा नारळ माहेरचा असतो.

घराचं काही लिहिलं नाहीस, म्हणजे पावसाळा नीट जातोय असं धरते. भावोजीही आता घर विकायचं काढणार नाहीत. पाळणा काय मुंबईच्या खोलीत टांगणार?

तुझी,
रजनी

*

खारवडी
९ सप्टेंबर १९५७

ताई,

ओटी म्हणजे आमच्याकडे घराची पुढची खोली. पाहुणा बसतो ती, झोपाळा असतो ती. तुझ्या पुस्तकातली ओसरी. आठ पाठ मी तुझ्यासाठी ओसरी लिहिलं आणि त्या दिवशी हात कापत होता तेव्हा तोंडातला शब्द आला. अमावास्येच्या उधाणात बांध फुटला आणि आमची ओटी समुद्राने भरली. गुडघाभर पाणी, वाळू, एक मेलेला मासा आणि शेजाऱ्यांचा पाट. पुढची भिंत पडली. भाताची कणगी खाऱ्या पाण्यात बुडाली. मी पाय मुरगळून पडले होते, म्हणून उभं राहवत नव्हतं.

तुझं पत्र आणि बोचकं एकाच दिवशी आलं. माझे हात चिखलाचे, म्हणून पत्र भावोजींनी फोडलं आणि मोठ्याने वाचलं. समुद्राच्या आवाजामुळे आमच्याकडे सगळं मोठ्यानेच वाचतात. 'पुत्रवती भव' शेजारच्या चार घरांनी ऐकलं. हे उठून बाहेर गेले. मला वाटलं, जमीन फाटावी. नऊ वर्षं मी हे कुणापुढे उघडं पडू दिलं नव्हतं. तुझी चूक नाही, मला कळतं. तरी त्या रात्रभर मी तुझा राग केला, तेही तुला कळावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी बोचकं उसवलं. घरात एक कापड कोरडं नव्हतं, तुझ्या मेणकापडातलं लुगडं तेवढं कोरडं. म्हणाल्या, "नेस." मी नेसले. मला पडक्या ओटीवर, वाळूतच, पाट टाकून बसवलं. त्याच शेजाऱ्यांचा पाट. तुझा खण, तुझा नारळ आणि ओंजळीने ते गहू. आमच्याकडे ओटी तांदळाची भरतात, पण आमचे तांदूळ खारट झाले होते.

आमच्याकडे घरातून निघणाऱ्या बाईचीही ओटी भरतात. भावोजी दारातून बघत होते, म्हणाले, "बरं झालं, आईनेच निरोप दिला. मी गाडीचं बघतो." तेव्हा सासूबाई बोलल्या. माझ्या लग्नानंतर त्यांचं एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं. "जाणारीची नाय भरली. ऱ्हाणारीची भरलीय. पोर होईल म्हणून नाय, भिंत पडली तरी ही हलली नाय म्हणून. तुला जायचं तर तुझी गाडी बघ."

भावोजी तीन दिवस गाडीच्या वेळा विचारत हिंडले. चौथ्या दिवशी सदरा काढून चिरे उपसायला लागले. दिवाळीची अट कुणी पुन्हा काढली नाही. ओटीचं जोतं आता दोन चिरे वर घ्यायचं आणि बांध मागे, माडांच्या रांगेत घालायचा. समुद्राला हवं तेवढं अंगण त्याला देऊन टाकलं. घर देणार नाही.

बेचाळीस ओंजळी गव्हांवर आम्ही आणि मदतीला आलेले गडी किती दिवस जेवलो सांगू? अकरा. मी मांडे करायला गेले, ते फाटले. बुऱ्हाणपूरचं नाव घालवलं म्हणून सासूबाई हसल्या. मनकर्णेला सांग, बाईंनी तिच्या दोन ओंजळी घ्यायला हव्या होत्या.

लीला

*

बुधवारा, बुऱ्हाणपूर
२२ सप्टेंबर १९५७

लीले,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना पदर तोंडात धरला, कारण वर्ग शेजारीच होता. 'क्षमा कर' हे शब्द मी मुलींच्या वह्यांवर इतके लिहून घेतले आहेत की माझ्याच हातून आता खोटे वाटतील. मी शब्द खोडले, म्हणून तू बुडालेली मला दिसली नाहीस. ओटा आमच्या दारात रोज बघते. ओट्यावरून ओटी सुचायला काय लागत होतं? पण मला डोहाळेच दिसले, कारण मला तेच दिसायला हवे होते. तापीवरचे दिवे तुझ्यासाठी सोडत होते की माझ्या हौसेसाठी, याचा मी विचार करते आहे.

वर्गात सगळं सांगितलं. मुलांबाळांचं सांगितलं नाही, ते तुझं आहे. ओटीचं सांगितलं. सोजरबाई बुधवाऱ्यात पुन्हा फिरली आणि ज्यांना ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकीला जाऊन म्हणाली, "मीच चुकली वं माय, ओटी म्हंजे घर राहते तिथं." असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग पुस्तक उसवलं. आठही पाठ नव्याने उतरवते आहे, तुझ्या शब्दांत. माड, उधाण, झापं, खळं, ओटी. प्रत्येक शब्दाखाली रेघ, आणि त्याचा अर्थ मुलींनी स्वतः शोधायचा, बाईंना विचारून नाही, तुला पत्र लिहून. त्यामुळे आता तुला बेचाळीस पत्रं येतील. तयार राहा.

परवा तपासणीचे साहेब आले होते. निळं पुस्तक चाळलं, चांगलं म्हणाले, आणि म्हणाले, शब्द जरा सोपे करा, इथल्या मुलींना कठीण जातील. मी म्हटलं, "साहेब, एकदा केले होते. घर बुडालं." त्यांना काही कळलं नाही. मीही समजावलं नाही. मराठीचा वर्ग बंद करायचा कागद त्यांच्या पिशवीत होता असं मोठ्या बाई म्हणतात. तो त्यांनी काढला नाही. पुढच्या वर्षी काढतील तेव्हा पाहू. पुस्तक तोवर जाड झालेलं असेल.

तू बुऱ्हाणपूरला ये, असं मी लिहिणार होते. लिहीत नाही. तू तिथेच राहा. राग ठेवायचा तेवढा ठेव, पण पाठ पाठव.

तुझी,
रजनी

*

(पोस्टकार्ड)
खारवडी
१६ मार्च १९५८

ती. रजूताईस,

सा. न. वि. वि. जोतं झालं, भिंत झाली, झोपाळा टांगला. बेचाळीस पत्रांना उत्तरं लिहून मात्र माझं बोट वाकडं झालं. त्याच उधाणात इथल्या शाळेचं छप्पर गेलं होतं आणि सरकार अजून कौलांचा विचार करत आहे. तोवर ह्यांची पोरं आंब्याखाली बसायची. परवा सासूबाई शाळेत गेल्या आणि सगळ्यांना हाताला धरून घरी घेऊन आल्या. त्यांना आता बोलायची सवय लागली आहे. एकतीस पोरं, पाट्या मांडीवर, झोपाळ्यावरसुद्धा तिघं. तुझ्या निळ्या पुस्तकाची तू धाडलेली प्रत त्यांना वाचून दाखवली तर एक जण म्हणतो, "ह्यात काय, हे आमचंच घर." आता त्यांना बुऱ्हाणपूरचं घर हवं आहे. लिही. करंज म्हटलं की यांना झाड दिसणार, तुझं पाण्याचं टाकं नाही. दिसू दे, तू शब्द बदलू नकोस.

मूल नाही ते नाहीच, ताई. ते दुःख आहे तिथेच आहे, त्याला मी दुसरं नाव देत नाही. पण एक खरं सांगते आणि या वेळी नीट वाच. आमची ओटी भरली.

लुगडं पाठवू नकोस. खडू पाठव.

तुझी,
लीला